बादलीला श्वास धरायला सांगणारे सर

सरांनी मला वाचवलं, हे आधी लिहून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल मी जे काही लिहिणार आहे ते वाचून बाई कृतघ्न आहे असं कोणाला वाटायला नको. माझी नोकरी राहिली ती सरांमुळे, आणि आज दुसरीत बसून सातचा पाढा चुकवणारी माझी मुलगी आहे तीही सरांमुळे. हे त्यांना वाचून दाखवलं तर म्हणतील, "अहो, 'मुळे' जपून वापरा. आधी घडलं म्हणून त्याच्यामुळे घडलं असं होत नाही." म्हणून वाचून दाखवणार नाही.

स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर एक एक्स-रे सेंटर आहे. तिथे मी मदतनीस म्हणून लागले. बटण दाबायचं काम टेक्निशियनचं. माझं काम म्हणजे पेशंटला आत घ्यायचं, गळ्यातली चेन, मंगळसूत्र काढायला लावायचं, छातीच्या स्टँडला टेकवून उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे. मग शिशाच्या पडद्यामागे जाऊन ओरडायचं, "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." माझं शिक्षण आठवी. चंद्रपूरकडच्या आमच्या गावाहून नवऱ्यामागे पुण्यात आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. सरकत्या जिन्याची, फॉर्म भरायची, 'बोला' म्हणून तोंडाकडे बघत राहणाऱ्या दुकानदाराची. सेंटरमध्ये मला पहिल्या दिवसापासून सगळे मावशी म्हणायला लागले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

सर पहिल्यांदा आले तेव्हा टेक्निशियन म्हणाला, "मावशी, सरांना पाणी द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ह्या आपल्या मातोश्रींच्या भगिनी का?"

"नाही सर, म्हणजे आपलं..."

"मग आडनाव असेल ना त्यांना? सरकार देतं सगळ्यांना."

तेव्हापासून पुण्यात एकच माणूस मला आडनावाला 'बाई' लावून हाक मारायचा. आणि 'आपण' म्हणायचा. अर्थात सर टेक्निशियनला, बसच्या कंडक्टरला, एक्स-रेच्या मशीनलाही 'आपण'च म्हणायचे. "आज आपला आवाज बसलेला दिसतो," असं मशीनच्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, त्यामुळे मी फार चढून गेले नाही.

दर तीन महिन्यांनी ते मशीन तपासायला यायचे. कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात मोजायचे दोन मीटर, स्वतःचा कप, एक टेप आणि अॅल्युमिनियमचा वीतभर जिना. खरोखरचा जिना, दहा पायऱ्यांचा. तो प्लेटवर ठेवून फोटो काढायचा. पातळ पायरी काळी, जाड पायरी पांढरी. पायऱ्या नीट उमटल्या तर मशीन शहाणं. एकदा मी विचारलं, सर, हा जिना जातो कुठे? ते म्हणाले, "निवृत्तीकडे."

टेप ही तर त्यांची वेगळीच गोष्ट. ट्यूबपासून स्टँडपर्यंत, स्टँडपासून पडद्यापर्यंत मोजायचे हे ठीक. पण चहाला बसले तरी समोरच्या माणसापासून खुर्ची मोजून मागे घ्यायचे. "अंतर दुप्पट करा, त्रास चौथाई होतो. एक्स-रेला लागू आहे, नातेवाइकांनाही लागू आहे." त्यांचे थोरले बंधू पेठेत राहायचे. सर धायरीला राहायला गेले ते त्यासाठीच म्हणे. "दीड किलोमीटर होतं, ते बारा केलं. आठपट अंतर, म्हणजे त्रास एक चौसष्टांश. अजून थोडा येतो, फोनवरून."

मीही धायरीलाच राहते. म्हणून सर आले की परतीला आम्ही एका बसमध्ये. माझं जे काही नववी-दहावी-अकरावी झालं ते त्या बसमध्ये झालं, आणि तेही उलट्या क्रमाने.

पहिल्याच दिवशी मी भीत भीत विचारलं होतं, "सर, ते किरण खोलीत साचून राहतात का हो? मी रोज झाडते, कोपऱ्यात जास्त झाडते."

दुसरं कोणीही हसलं असतं. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली.

"हे काय आहे?"

"फुटाणे... नाही, शेंगदाणे."

"सुटे घेतले का मी? नाही. पुडी घेतली. निसर्ग सुटं विकत नाही, बाई. एक्स-रे म्हणजे धार नाही, पुड्या आहेत. अख्खी पुडी मिळेल, नाही तर मिळणार नाही. अर्धी फोडून देत नाहीत. ह्यालाच आमच्याकडे क्वांटम म्हणतात आणि मग लोक घाबरतात. बटण सुटलं की दुकान बंद. कोपऱ्यात काही उरत नाही. झाडा खुशाल, पण धुळीसाठी झाडा."

मग पुड्यांचं पुढे काय होतं ते त्यांनी भर बसमध्ये हातवारे करून सांगितलं. पुडी अंगात शिरली की तिच्यापुढे तीन रस्ते. पहिला, कोणालाही न भेटता पार निघून जाणं. तिथे फोटो काळा पडतो. दुसरा, अणूच्या अगदी आतल्या घरातला एखादा इलेक्ट्रॉन अख्खी पुडी गिळतो आणि घर सोडून पळतो. पुडी संपली. हाडात हे जास्त होतं, म्हणून हाड पांढरं. तिसरा रस्ता म्हणजे धक्का. पुडी आदळते, थोडा ऐवज तिथेच सांडते आणि उरलेला घेऊन वाकडी निघते. "ती वाकडी निघालेली आपल्याकडे येते. म्हणून आपल्याला शिशाचा एप्रन. पेशंटपासून आपल्याला काय मिळतं, तर ही वाकडी वाट."

माणसांचेही त्यांनी हेच तीन प्रकार केले होते. पार जाणारे, आदळणारे आणि मुरणारे. विद्यार्थी बहुतेक पार जाणारे. "तीस वर्षं शिकवलं. आरपार. सावलीसुद्धा उमटली नाही." बंधू आदळणारे. मला त्यांनी त्या दिवशी कुठल्याच रकान्यात घातलं नाही. "आपलं मोजमाप अजून व्हायचंय."

मी विचारलं, "सर, हजार पुड्या निघाल्या, तर त्यातली कोणती अडणार हे आधी कसं कळतं?"

सर चालत्या बसमध्ये उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काका, धायरी फाटा लांब आहे अजून, बसा."

"अहो, ह्या बाईंनी काय विचारलं ऐकलंत का आपण?"

"मला तिकिटाचं विचारलं तर सांगीन," कंडक्टर म्हणाला.

सर बसले. "एम.एस्सी.च्या पोरांनी तीस वर्षांत हे विचारलं नाही, परीक्षेत येणार नव्हतं ना. नाही कळत. हजारातल्या किती अडतील ते मी कागदावर काढून देतो. पण ही अडेल की ती, हे सांगता येत नाही."

"तुम्हालासुद्धा?"

"कोणालाच नाही. पुडीलाही माहीत नसतं."

मला ते काही पटलं नाही. एवढे शिकलेले लोक, आणि माहीत नाही म्हणतात, वर आनंदाने म्हणतात. एक्स-रे ह्या नावावरही ते खूश होते. "ज्याला सापडले त्याला ते काय आहेत कळेना, म्हणून त्याने नावातच अज्ञात लिहून टाकलं. सगळ्या दवाखान्यात एवढी एकच पाटी प्रामाणिक आहे."

एकूण, 'नक्की' हा शब्द त्यांच्याकडून कधी ऐकला नाही. बस कधी येईल विचारलं तर, "येण्याची शक्यता आहे." नमस्कार केला तर, "असू द्या, तेवढ्याने काही होत नाही."

आता त्या लोलकाची गोष्ट सांगायला हवी, कारण मी पुढे जो खोटेपणा केला तो तिच्यामुळे. (इथे 'मुळे' बरोबर आहे.)

हिंजवडीच्या कंपन्या माणसांची वार्षिक तपासणी आमच्याकडे करवून घ्यायच्या. कंपनीच्या बसच्या बस यायच्या. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, कानात इयरफोनची बोंडं, आणि प्रत्येकाच्या छातीचा एक फोटो. एक दिवस त्यातल्या एकाने गळ्यातला काळा लोलक काढायला नकार दिला. सर जिना घेऊन तिथेच होते.

"सर, इट्स क्वांटम एनर्जीचं पेंडंट," तो म्हणाला. "रेडिएशन ब्लॉक करतं. उलट ते असलेलंच बरं ना?"

"वा!" सर म्हणाले. "आपलं शिक्षण?"

"बी.ई., मग एम.एस."

"दोन्ही फुकट गेलेली दिसत नाहीत. द्या बघू."

सरांनी लोलक प्लेटवर ठेवला, शेजारी स्वतःचा जिना आणि त्याच्या शेजारी माझ्या डब्यातला भाकरीचा तुकडा. फोटो काढला. लोलक तिसऱ्या पायरीइतका पांढरा आला. भाकरी दिसली न दिसली.

"पाहा, अडवतो. एक साधी टाइल जेवढं अडवेल तेवढंच, आणि तेही जेवढा तो आहे तेवढ्या रुपयाएवढ्या जागेत. बाकी आपण उघडे. क्वांटम म्हणाल तर आहेच, भाकरीतही आहे. पण बाई भाकरी गळ्यात बांधून फिरत नाहीत, खातात. दोघांतलं जास्त शिकलेलं कोण, हा प्रश्न मी विचारत नाही."

सगळी बस हसली. तो इंजिनियर लाल झाला. मी पण हसले, पण आतून थंडगार पडले.

त्याचं असं होतं. मला दुसरा महिना लागला होता. सेंटरमध्ये मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर काढून टाकतील ही एक भीती, आणि किरणांची दुसरी. आणि माझ्या छातीवर होता बॅज. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, एप्रनच्या आत लावायची. तीन महिन्यांनी तो लॅबला जातो आणि दुसरा येतो. मला तो देताना टेक्निशियन म्हणाला होता, "घालत जा मावशी, सेफ्टीचा आहे." मी समजले ते समजले. आमच्याकडे लहान पोराच्या गळ्यात ताईत बांधतात. हा सरकारी ताईत. किरण ओढून घेत असणार. मग मी विचार केला, माझ्या अंगावर ओढून कशाला घेऊ? आधीच ओढून घेऊ दे, दूर. छातीच्या स्टँडच्या मागे भिंतीला कॅलेंडरचा खिळा होता. कॅलेंडर मी काढून रिसेप्शनला लावलं आणि त्या खिळ्यावर रोज सकाळी बॅज अडकवायला लागले, बरोबर मशीनच्या तोंडासमोर. संध्याकाळी काढून ठेवायचे. मनात म्हणायचे, ओढ बाबा जेवढं ओढायचं तेवढं, पोटापर्यंत येऊ देऊ नको.

लोलकाच्या दिवसानंतर हे सरांना सांगायची माझी छाती नव्हती. इंजिनियरची ती गत, तर आठवीवालीची काय करतील? दीड महिना बॅज खिळ्यावर राहिला. बसच्या बस येत राहिल्या.

मग तीन महिने भरले, बॅज लॅबला गेला, आणि थोड्याच दिवसांत पत्र आलं. माझ्या नावापुढचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. मला किरणांच्या कामापासून ताबडतोब दूर ठेवा आणि खुलासा पाठवा.

मालकीण डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पत्र वाचून दाखवलं. तिसरा महिना संपत आला होता. मला दिवस गेलेत, हे मी तिथेच रडत सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी मला पाणी दिलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, अजून वेळ गेलेली नाही. एवढ्या डोसमध्ये रिस्क कशाला? पुढे होतील मुलं. शनिवारी माझ्या मैत्रिणीकडे नंबर लावते."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो हिंजवडीलाच कंपनीची बस चालवतो. त्याच बसमधून ती माणसं माझ्याकडे यायची. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

"मले काय समजते? मॅडम शिकलेल्या हायेत."

"मी बी का शिकलेला हाओ?" तो म्हणाला. "पण त्या आकड्याले एक डाव अजून इचार ना कोणाले तरी."

शुक्रवारी सर आले. खुलाशावर त्यांची सही लागणार होती. आल्या आल्या मॅडमना म्हणाले, "मी लॅबला फोन केला. तीन टिकल्यांचे वेगळे आकडे मागवले. म्हणाले, असं कोणी मागत नाही. म्हटलं, म्हणून तर मागतोय."

बॅजच्या आत तीन पांढऱ्या टिकल्या असतात, हे मला तेव्हा कळलं. एक उघडी, एक प्लास्टिकच्या आड, एक तांब्याच्या आड. सर माझ्याकडे वळले.

"बाई, बॅज कुठे होता?"

"अंगावर."

"रोज?"

"रोज."

खोटं बोलताना मला एवढंच डोक्यात होतं की नियम मोडला म्हटलं तर नोकरी जाईल. आणि लोलक. हे एक वाक्य म्हणून मी स्वतःच्या हाताने शनिवारचा नंबर पक्का करतेय, हे कळण्याइतकं माझं शिक्षण नव्हतं.

"दोन बादल्या पाणी आणा," सर म्हणाले.

संडासातल्या दोन लाल बादल्या मी भरून आणल्या. सरांनी त्या स्टँडसमोर स्टुलांवर एकीवर एक ठेवल्या, मध्ये फळी. "माणूस म्हणजे बव्हंशी पाणीच. उरलेला अहंकार. तो किरणांना अडवत नाही." पिशवीतला एक मीटर ठेवला पडद्यामागे, मी उभी राहते तिथे. दुसरा मीटर घेऊन ते स्टँडच्या मागे गेले, भिंत न्याहाळली आणि खिळ्यावर अडकवला.

मग टेक्निशियनच्या शेजारी उभे राहून, अगदी माझ्या चालीत, मोठ्याने म्हणाले, "श्वास घ्या... धरून ठेवा..."

टेक्निशियन बटण दाबायचं सोडून हसायला लागला.

"हसू नका. पेशंट हलतील. हं... सोडा."

असं वीस वेळा. वीसही वेळा बादलीला श्वास घ्यायला आणि सोडायला सांगितलं. रिसेप्शनची मुलगी दारातून बघून तोंडाला ओढणी लावून पळाली. मी शिशाच्या पडद्याला धरून उभी होते.

मीटर आणले. पडद्यामागच्याचा काटा हलला न हलला. खिळ्यावरचा भरपूर चढला होता.

"आता ऐका मॅडम," सर म्हणाले. "बाईंच्या अंगावर जे येतं ते वाकडं निघालेलं, दमलेलं. आणि एप्रनमधून येईपर्यंत जवळजवळ काहीच नाही. अशा दमलेल्यांना तांब्याचा पत्रा सहज अडवतो. म्हणजे तांब्यामागची टिकली रिकामी हवी. पण लॅब म्हणते, तांब्यामागेही भरपूर आहे. म्हणजे आत आले ते दमदार होते. हलके आधीच कुठेतरी गाळले गेले होते. कुठे? माणसांच्या छातीत. ह्या पुड्या एकेका माणसातून पार होऊन बॅजवर आल्या आहेत. म्हणजे बॅज पेशंटच्या मागे होता. पेशंटच्या मागे भिंत आहे." मग माझ्याकडे. "बाई, आपण अंगावर म्हणता. मग आपण भिंतीत राहता का?"

मला रडू फुटलं आणि पुण्यात पाच वर्षं घासून आणलेली भाषा एका क्षणात गेली. "मले वाटलं तो ओढून घेते... पोराले लागू नये म्हून... मी त्या खिळ्याले लटकवला, सर... रोज... तुम्ही हसान म्हून सांगतलं नाही... अन् आता शनवारी त्याले पाडाले नंबर लावला मॅडमनं."

मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. आता भाकरी, आता लोलक, आता काहीतरी येणार.

काहीच आलं नाही. डोळे उघडले तर सर बादलीशेजारच्या स्टुलावर बसले होते आणि टेप उगाचच उघडझाप करत होते.

"बॅज काय करतो, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं?"

"सेफ्टीचा आहे म्हणाले."

"बाकी?"

"बाकी कोणी काही नाही."

सरांनी रजिस्टर मागितलं. त्यात दर तीन महिन्यांच्या पानावर एक रकाना होता, 'कर्मचाऱ्यांना माहिती दिली'. त्यापुढे बरोबरची खूण आणि खाली सरांची सही. पानं उलटत उलटत सर खुणा मोजायला लागले. सहा निघाल्या.

"मी सहा वेळा लिहून दिलंय की ह्यांना माहिती दिली," ते म्हणाले. "ट्यूबचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं. आणि ही खूण न मोजता केली. बसमध्ये क्वांटम शिकवलं, छातीवर काय लावलंय ते शिकवलं नाही. छान."

त्यांनी तेवढ्या कडू आवाजात कोणाला बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं, त्या इंजिनियरलाही नाही.

मग ते मला म्हणाले, "बॅज काही अडवत नाही, बाई. तो फक्त मोजतो. थर्मामीटर ताप उतरवतो का? तसा. आणि हा जो आकडा आहे तो आपला नाही. भिंतीचा आहे. भिंतीला दिवस गेले असतील तर तिने शनिवारी जावं."

"म्हणजे बाळ नीट होईल? शंभर टक्के सांगा ना सर."

"शंभर टक्के सांगणारे चौकात पोपट घेऊन बसतात. एका बाळाचं मी सांगू शकत नाही. कोणतंही बाळ, कोणाचंही. पण ह्या मशीनने त्याला काही केलं असेल असं मला ह्या दोन मीटरांत कुठेही दिसत नाही. एवढं मी लिहून देतो." पेन काढत म्हणाले, "आणि ह्या खेपेला मोजून लिहितोय."

माझ्यासाठी ते 'नक्की'पेक्षा जास्त होतं. शनिवारी मी गेले नाही.

खुलासा लिहिताना मॅडम म्हणाल्या, "सर, सरळ लिहा ना, कर्मचाऱ्याने नियम मोडला, तिला कमी केलं. प्रश्न मिटेल."

"मिटेल ना. चुकीचं उत्तर नेहमीच लवकर मिटतं." आणि त्यांनी लिहिलं की बॅज म्हणजे काय हे मदतनीस बाईंना सांगितलं गेलं नव्हतं, सांगितल्याची नोंद चुकीची आहे, आणि जबाबदारी सही करणाऱ्याची. खाली सही केली. चष्मा पुसला. स्वतःच्या कपात चहा प्यायले. बादल्या मला उचलू दिल्या नाहीत. "आपण भार उचलू नये आता. हे पेशंट मात्र जड आहेत."

ज्या खुलाशात तपासणाराच स्वतःला दोषी म्हणतो तो कोणाला आवडतो? पत्रावर पत्रं आली. पुढच्या तिमाहीला सेंटरने दुसरे तज्ज्ञ नेमले. ते टापटीप आहेत. पिशवी नाही, जिना नाही. वीस मिनिटांत सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करून जातात आणि मला मावशी म्हणतात. मॅडमनी मला बाळंतपणापर्यंत रिसेप्शनला बसवलं आणि नंतर परत घेतलं. काढायचं म्हटलं असतं तर कागदावर दोष सरांचा निघत होता, माझा नाही. तो खिळा अजून आहे. त्यावर आता एक पाटी टांगली आहे, 'येथे काहीही टांगू नये.'

मुलगी झाली तेव्हा सर आमच्या धायरीच्या खोलीवर आले. झबलं नाही, खुळखुळा नाही. टेप. नवऱ्याला एक टोक धरायला लावून बाळाची लांबी घेतली. "एकोणपन्नास सेंटिमीटर. एक इकडे तिकडे. पेशंट हलले." आशीर्वाद दिला नाही. जाताना दाराशी म्हणाले, "आपण मुरणाऱ्यांतल्या निघालात बाई. मोजमाप झालं."

मी म्हणाले, "सर, हे मी कसं फेडू?"

"फेडू नका. लोक फेडायला पेढे आणतात, मला साखर आहे."

"तरीपण."

त्यांनी टेप गुंडाळून पिशवीत टाकली. "मग एका माणसाला नीट समजावून सांगा. एकाच. पण नीट. अर्धवट सांगणारे आम्ही पुष्कळ आहोत."

तेव्हापासून सेंटरमध्ये जी नवी बाई येते तिच्या छातीवर बॅज लावायच्या आधी मी तिला बसवून घेते. शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे तयार असते. हा काही अडवत नाही, फक्त मोजतो, इथपासून सुरू करते. चारजणी झाल्या. मग एका रविवारी मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "झालं सर. चौघींना सांगितलं."

"असं? मग मी पाचवी. सांगा."

मी सांगितलं. तीन रस्ते, टिकल्या, तांबं, सगळं. सर नव्या बाईसारखे हात मांडीवर ठेवून ऐकत होते. शेवटी बोट वर करून म्हणाले, "ताई, हजारातल्या किती अडणार ते कळतं म्हणता, मग कोणती अडणार ते का नाही कळत?"

"ते... पुडीलाही माहीत नसतं."

"का नसतं?"

मी हातातली पुडी उलटसुलट केली.

"मग अजून झालं नाही," सर म्हणाले. "परत या." आणि खुर्ची मोजून मागे घेतली.

ह्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. विज्ञानाचं पुस्तक मुलीच्या दुसरीच्या पुस्तकांच्या वर ठेवलेलं असतं. मी ते शेवटपर्यंत चाळून पाहिलं. तो प्रश्न त्यात नाही. बारावीच्या पुस्तकात असेल, नसेल तर त्याच्याही पुढे. उत्तर सरांनाही येत नाही, तसं ते स्वतःच म्हणतात. पण ते का येत नाही, हे त्यांना नीट सांगता येतं. मला अजून तेवढंही येत नाही.

येईल, सर. वेळ लागेल, पण येईल. त्या दिवशी धायरीला तुमच्या दारात येईन. पेढे आणणार नाही. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसायचं, बोट वर करायचं, आणि मी सांगीन.